दारापेक्षा मोठी कणगी

दादाचा निरोप आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सातवीचे पेपर तपासत होते. पेणच्या आमच्या शाळेत त्या काळी फोन एकच, तोही मुख्याध्यापकांच्या टेबलावर. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "बाई, रोह्यावरून तुमच्या भावाचा फोन होता. घर काढायला घेतलंय म्हणाले. सुट्टी लागली की लगेच या."

"बरं."

"आणि म्हणाले, आईला तुम्हीच समजवायचंय."

"काय समजवायचंय?"

"ते नाय बोलले. तिला ठाऊक हाय म्हणाले."

मला ठाऊक होतं. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी दादा स्लॅबचं घर बांधणार होता. त्यासाठी घर रिकामं करायचं होतं, आणि आमच्या घरातली प्रत्येक वस्तू दारातून बाहेर काढता येणार होती, एक कणगी सोडून.

कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली मोठी कोठी. वर्षाचं भात तिच्यात राहायचं. आमच्याकडे साळीलाच भात म्हणतात. गावात बहुतेक घरांत कणगी होती, पण आमची जरा जास्तच गरगरीत होती. रोह्याच्या बुरुडाने ती माजघरात बसूनच विणली होती, आणि विणताना त्याने किंवा माझ्या वडिलांनी दाराकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. कणगी कधी बाहेर काढायची असते, हेच कुणाच्या मनात येत नसे.

सुट्टी लागली त्याच दिवशी दुपारची पॅसेंजर धरली. कासू गेलं, नागोठणं गेलं, निडीला उतरले. रोह्याच्या पुढे रूळ टाकायचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं आणि गाडीतली माणसं एकमेकांना सांगत होती की आता थेट गोव्याला जाता येणार. मी मात्र आईला काय सांगायचं याचाच विचार करत होते. स्टेशनापासून आमचं गाव शेतांतून चालत जाण्याइतकं. वैशाख होता, शेतं मोकळी पडली होती, वालाचे वाळलेले वेल बांधावर रचून ठेवलेले होते. त्या वाटेने मी शाळेला गेले, कॉलेजला गेले, नोकरीला गेले. दरवेळी वाटेच्या शेवटी तेच कौलारू घर दिसायचं. या खेपेला ते असं शेवटचंच दिसणार होतं.

अंगणात पाय ठेवला आणि बघतच राहिले. आमच्या घरात एवढ्या वस्तू आहेत हे मला कधी कळलंच नव्हतं. पाटा, वरवंटा, जातं, मुसळ, कंदील, फाटकी घोंगडी, डाली, सुपं, रॉकेलचा स्टोव्ह, देवांचे फोटो, जुनी कॅलेंडरं, बाबांचं इरलं, सगळं उन्हात मांडलेलं. वहिनीने पदर खोचून तीन ढीग केले होते. एक गोठ्यात न्यायचा, कारण घर होईपर्यंत राहायचं गोठ्यातच होतं. बैल दोन वर्षांमागेच विकले होते, त्यामुळे गोठा सारवून लखलखीत केला होता. दुसरा ढीग कुणाकुणाला द्यायचा. तिसरा भंगारवाल्याचा.

"ये गो," आई म्हणाली. "आधी पाणी पी. मंग तुझी वहिनी तुलाबी कुठल्यातरी ढिगात टाकील."

"ताईंना गोठ्यातल्या ढिगात," वहिनी म्हणाली. "आईंचं मात्र अजून ठरलं नाय."

दोघी हसल्या. सासू-सुनेचं असं चालायचं. गावात याहून वाईट घरं पाहिलेली असल्यामुळे मला ते नेहमी बरं वाटायचं.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघी वस्तू निवडत होतो. वहिनीचं म्हणणं साधं होतं. नवं घर, नवी सुरुवात, तर त्यात फुटकं, गंजलेलं, तुटलेलं काही न्यायचं नाही. ती नागोठण्याकडची, तिच्या माहेरचं घर पक्कं होतं. आमच्या घरात येऊन तिने बरीच वर्षं गळकं छप्पर आणि उंदीर सोसले होते. तिला स्वच्छ, पांढऱ्या चुन्याच्या भिंतींचं घर हवं होतं आणि तो तिचा हक्क होता.

आई ढिगांमधून फिरायची आणि वस्तू आपोआप जागा बदलायच्या.

"ही कंदिलाची काच मी भंगारात टाकली व्हती ना?" वहिनीने विचारलं.

"चालत आली असल परत."

"आणि ही फुटकी बरणी? फुटक्या बरणीत काय ठेवणार, आई?"

"फुटकं."

पण खरं सांगायचं तर आई फारशी कशाला चिकटून बसली नाही. मला वाटलं होतं की बाबांच्या प्रत्येक वस्तूपाशी ती रडत बसेल. बाबांना जाऊन तेव्हा चार-पाच पावसाळे झाले होते. त्यांचं इरलं, बांबूच्या सांगाड्यावर पानं लावलेलं, पावसात लावणी करताना ते पाठीवर घ्यायचे, ते तिने स्वतः उचलून द्यायच्या ढिगात ठेवलं.

"आई, हे ठेवू या की," मी म्हटलं.

"त्यांचं डोकं नाय आता त्यात. मी काय करू इरल्याला? वरच्या वाडीत कुणाला तरी पावसात उपेगी पडंल."

खताच्या गोणीची शिवलेली माझी शाळेची पिशवीही निघाली. तिचा एक बंद तुटलेला होता. मीच ती हळूच ठेवायच्या ढिगात सरकवली. आईने ती उचलली, आत हात घालून झटकली आणि भंगारात टाकली. "शिकलीस ना ह्यात? मंग त्याचं काम झालं."

म्हणूनच कणगीच्या बाबतीतलं तिचं वागणं मला कळेना. सगळं घर रिकामं झालं, कणगीतलं भातही गोणींत भरून झालं, तरी आई दुपारी जाऊन त्या रिकाम्या माजघरात कणगीला पाठ टेकून बसायची आणि वाल निवडायची. दादा कंपनीतली पहिली शिफ्ट करून आला, हातात कोयता घेऊन माजघरात गेला, आईकडे पाहिलं आणि तसाच मागे फिरला. हे दोन दिवस झालं. ती त्याला "नको" म्हणत नव्हती. ती फक्त बसलेली असायची.

तिसऱ्या दिवशी दादाने मला विहिरीपाशी गाठलं.

"शनिवारी कौलं उतरवायला माणसं येणार. त्याच्याआधी ती कणगी तोडून मोकळी केली पायजे. दारातून तर निघत नाय."

"मग तोड ना."

"तिच्या पाठीवर घाव घालू काय? तू बाई हायस. वर्गात साठ पोरांना समजवतेस. एका आईला समजव."

दादाला मी नाही म्हणू शकत नव्हते आणि आजही म्हणू शकणार नाही. तो माझ्याहून हुशार होता, असं आमच्या दोघांचेही शिक्षक सांगत. दहावी झाल्यावर रोह्याच्या कंपनीत त्याला काम मिळालं आणि तो गेला, कारण घरात एकच जण पुढे शिकू शकणार होता. त्याने तो मान मला दिला. पेणच्या कॉलेजात जायचा माझा रेल्वेचा पास तो दर महिन्याला स्वतः काढून आणायचा, रात्रपाळी करून आला असला तरी. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण त्या पदवीत अर्धी झोप त्याची आहे. तो म्हणाला, "मलाबी ती तोडायला बरं वाटत नाय. पण नव्या घराच्या नकाशात तिला खोली नाय. भात गिरणीवरून तांदूळ करूनच आणू, पत्र्याच्या कोठीत भरू. उंदीर नाय, कुसळ नाय, काय नाय."

त्याचं बरोबर होतं. मी माजघरात गेले.

आई नेहमीसारखी बसलेली. मी कणगीच्या मागच्या बाजूला गेले, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत. आता तिथे मी मावत नव्हते. एके काळी तिथेच माझी अभ्यासाची जागा होती.

त्या फटीत वरच्या झरोक्यातून उजेड यायचा आणि तिथे कुणी हाक मारून काम सांगायचं नाही, कारण मी दिसायचेच नाही. वही जपून वापरायची असल्यामुळे मी कोळशाने कणगीच्या पोटावर लिहायचे. पाढे, इंग्रजी स्पेलिंगं, नद्यांची नावं, पुढे पुढे बीजगणित. शेणाने सारवलेली भुई जशी, तसं कणगीचं अंग असायचं. त्यावर कोळसा छान उमटायचा. दिवाळीच्या सुमारास नवं भात भरायच्या वेळी आई ती सारवायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण सारवायच्या आधी शेणाचा बोळा हातात धरून ती विचारायची, "पाठ झालं काय गो? मंग सारवू?"

मी म्हणायचे, झालं. मग ती सारवायची आणि दुसऱ्या दिवशी मला कोरी पाटी मिळायची.

माझ्या दहावीच्या वर्षी एका चौकोनात सूत्रं लिहिली होती. आई बोळा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "हे नको, हे अजून पाठ नाही झालं." तिने बाकीची सगळी कणगी सारवली आणि तो चौकोन तसाच सोडला. वर्षभर आमच्या कणगीच्या अंगावर तो काळा डाग राहिला. आत्या आली तेव्हा म्हणाली, "हे काय गो, सारवायला शेण कमी पडलं काय?" आई म्हणाली, "तिथं पोरीचा अभ्यास राहतो." आत्या हसली, पण आईने तो भाग सारवला नाही, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत.

त्याहून आधीचं आठवतं ते कणगीच्या आतलं. आषाढ-श्रावणात भात तळाशी जायचं आणि वरून हात पोचायचा नाही. मग बाबा मला काखेत धरून आत सोडायचे. आत अंधार असायचा, पावसाचा आवाज दूरचा वाटायचा, भाताची कुसळं पायाला टोचायची आणि सगळीकडे गेल्या दिवाळीचा वास असायचा. मी टोपलीत भात भरून द्यायचे आणि वर बाबांचं डोकं दिसायचं. घाबरले की मी विचारायचे, "बाबा, हाय ना तुमी?" "हाय, हाय," ते म्हणायचे.

आणखी एक गोष्ट मला लहानपणी खटकायची. गावात कुणी कुणाला धान्य दिलं की देणारी बाई दिलेल्या सुपातून चिमूटभर दाणे परत आपल्या कणगीत टाकायची. रीतच ती. घरातलं सगळं देऊन टाकलं असं होऊ नये म्हणून. पण माझी आई तसं कधी करायची नाही. शेजारीण म्हणायची, "घे गो चिमूट, घरात राहू दे बरकत." आई म्हणायची, "राहील आपली आपण." का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मागं काय करतेस गो?" आईने पुढून विचारलं.

मी पुढे येऊन तिच्याशेजारी बसले. ताटातले वाल घेतले आणि निवडू लागले. शिकलेली माणसं समजवायला बसली की आधी गोल गोल बोलतात. मीही बोलले. नव्या घराचं, हवेचं, उजेडाचं, वहिनीच्या कष्टाचं.

आई म्हणाली, "तुला दादानं धाडलं ना?"

"हो."

"मला घर नको असं मी बोलले काय कधी? पोराचं घर व्हतंय, मला आनंद हाय. ही जीर्ण झालीय तेबी मला दिसतंय."

"मग?"

तिने एक किडका वाल काढून बाजूला टाकला.

"मी ह्या गावात आले तवा एकत्र व्हतं सगळं. भात थोरल्या जावेच्या घरात, तिकडं वरच्या आळीत. आमची शेती, आमची लावणी, पण भात तिच्या कणगीत. रोज सांजेला मी सूप घेऊन तिच्या दारात जायाची. ती कामात असली तर उभी राहायाची. मंग ती मापून द्यायाची, आणि दिलेल्या सुपातनं चिमूट काढून घ्यायाची. रीतच ती, तिचं काय वाईट नव्हतं. पण ती चिमूट मला दिसायाची. रोज."

मी हात थांबवला.

"वेगळं झालो तवा तुझ्या बाबांनी विचारलं, पयलं काय करू? मी बोलले, पयली कणगी. छप्पर नंतर करा. त्यांनी बुरूड आणला, घरात बसवला. मी सांगितलं, मोठी कर. बाहेर नेताच येऊ नये अशी कर."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? दारातून निघणार नाही म्हणून?"

"मीच तर सांगितलं. तुझे बाबा दाराकडं बघत नव्हते. मी बघत व्हते."

मी हसले, आणि आईही थोडी हसली. मग म्हणाली, "पत्र्याची कोठी काय, आज हितं, उद्या तिथं. ती ठेवायची सुनेच्या सैपाकघरात. चावी तिच्याकडं. तिचं घर हाय, तिच्याकडंच पायजे. पण मंग मला मूठभर तांदूळ लागला, कुणी दारात आलं, पाखरांना टाकायचा झाला, तर मी काय करू? ह्या वयात परत सूप घेऊन उभी राहू काय गो?"

एवढं शिकून मी एवढंच म्हटलं, "वाल पुष्कळ किडलेत ग यंदा." ती म्हणाली, "व्हय. भरून ठेवताना राख कमी पडली."

संध्याकाळी वहिनी विहिरीवर भांडी घासत होती. मी बादली ओढून देत होते. मी तिला आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. न सांगणं मला जमेना. वहिनी काही वेळ टोपाचं बूड घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मी कधी त्यांना मापून दिलंय काय?" ती म्हणाली.

"नाही."

"कधी चावी कमरेला लावलीय?"

"नाही ग. तुझी भीती नाही तिला. तिच्या डोळ्यांसमोर अजून ते सूप आहे."

वहिनीने पाणी ओतून टोप उपडा घातला. "दोन ढीग करून झाले, तिसरा करून झाला," ती म्हणाली, "आणि आईंनी मनात चौथा ढीग करून ठेवलाय तो मला दिसलाच नाय." एवढंच बोलून तिने भांडी उचलली. पुढे त्या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला वाटलं, मी चुकीचं केलं की काय.

शनिवारी माणसं आली. दादाने कणगीचं काय करायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तेव्हा आईच माजघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "भिंती आधी जाऊ देत. ती काय पळून जात नाय."

मग कौलं उतरली, वासे उतरले, भिंती एकेक करून पडल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या घराच्या जागी मातीचा चौथरा आणि माजघराची एक आडभिंत उरली, आणि चौथऱ्याच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली, एकटी कणगी. इतकी वर्षं अंधारात असलेली ती वस्तू उन्हात किती मोठी दिसत होती. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती.

"घर पाडलंत का कणगीची पूजा मांडलीत?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"दोन्ही," दादा म्हणाला.

ती आडभिंत शेवटी पाडली, आणि ती पडताच कणगी त्या बाजूला कलली. तिची एक बाजू त्या भिंतीवर टेकलेली होती हे कुणाला माहीत नव्हतं. आई पुढे झाली. तिने खाली वाकून कणगीच्या बुडाला तळवा लावला आणि दाबला. हात आत गेला. वाळवीने बूड केव्हाच खाल्लं होतं. आईने हात बाहेर काढला, झटकला, आणि पुन्हा दुसऱ्या जागी दाबून पाहिलं. तिथेही तेच.

बराच वेळ ती कणगीभोवती फिरली. दादा घामाने निथळत होता तरी खाली बसला नाही.

"आन कोयता," ती म्हणाली.

"आई, मी करतो."

"पयला घाव मी घालते. मंग तू कर."

तिने घाव घातला, फार जोराचा नाही. शेणमातीचा एक मोठा पापुद्रा सुटून खाली पडला. मग दादाने बाकीचं केलं. लिंपणाचे थर एकावर एक निघत होते, इतक्या दिवाळ्यांचे. मी एक-दोन तुकडे उचलून उलटसुलट पाहिले. कुठेतरी कोळशाची रेघ दिसेल, एखादा पाढा, एखादं स्पेलिंग, अशी वेडी आशा. सगळं एकसारखं करडं होतं.

"काय शोधतेस गो?"

"अक्षरं."

"ती तू नेलीस ना पेणला," आई म्हणाली.

तळाशी, कामट्यांच्या फटीत, गेल्या साली अडकलेले थोडे दाणे होते. आईने ते वेचून पदराच्या टोकाला बांधले. कणगीचं झाकण वहिनीने कोंबड्या झाकायला ठेवलं. बाकीचा बांबू चुलीत गेला. मी पेणला परतले तेव्हा आई गोठ्याच्या दाराशी उभी होती आणि मला वाटलं, ती थोडी बुटकी झाली आहे.

पावसाळाभर ती सगळी गोठ्यात राहिली. मी अधूनमधून जायचे. भाताच्या गोणी एका कोपऱ्यात रचलेल्या असायच्या आणि आई त्यांच्याकडे पाठ करून बसायची. तांदळाचा विषय निघत नव्हता. नव्या घरावर पावसाच्या उघडिपीत स्लॅब पडला होता, आत प्लास्टर चाललं होतं.

नवरात्रात गेले तेव्हा अंगणात गोंधळ चालला होता. रोह्याहून टेम्पो आला होता आणि त्यातून पत्र्याची एक कोठी उतरवली होती. मी एवढी मोठी कोठी कधी पाहिली नव्हती. दादाने पत्रेवाल्याकडून मुद्दाम करून घेतली होती. चार माणसांनी ती उचलून मागच्या खोलीच्या दारापर्यंत नेली. मागची खोली आईची. तिथे ती दाराला टेकली आणि थांबली.

"तिरकी करा," दादा म्हणाला.

तिरकी केली. आडवी केली. उभी केली. कोठी काही आत जाईना.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी होती. "कंपनीत एवढ्या टाक्या मोजता, घरातलं दार मोजलं नाय काय?"

"तूच बोललीस, मोठी करा. वर्षाचा तांदूळ मावला पायजे."

"मी तांदूळ मोजा बोलले. दार मोजू नका असं नाय बोलले."

"मग आता सैपाकघरात ठेवू. तिथं दार रुंद हाय."

"नाय," वहिनी म्हणाली. "ती आईंच्या खोलीत जायाची. पयल्यापासून तेच ठरलंय."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

शेवटी गवंड्याला बोलावलं. तो वैतागला. नुकतीच बसवलेली चौकट काढायला लावतात म्हणून त्याने आमच्या घराण्याच्या अकलेबद्दल बरंच काही ऐकवलं. चौकट निघाली, कोठी आत गेली, कोपऱ्यात बसली आणि चौकट परत बसवली. सिमेंट ओलं असेपर्यंत कुणीही त्या दारातून जायचं नाही असं गवंड्याने बजावलं.

आई अंगणात बसून हे सगळं बघत होती. गवंडी गेल्यावर ती उठली, दाराबाहेरूनच आत डोकावली. एकदा कोठीकडे पाहिलं, एकदा चौकटीकडे.

"हीबी आता बाहेर निघायाची नाय," ती म्हणाली.

"नाय ना," दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "घर पाडल्याशिवाय नाय."

आई हसू लागली. तिला इतकं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. तिच्या पाठोपाठ वहिनी हसली आणि मग दादाही.

दिवाळी नव्या घरात झाली. कापणी, झोडणी उरकल्यावर नवा तांदूळ गिरणीवरून आला त्या रविवारी मी तिथे होते. कोठी भरायच्या आधी आईने पदरात बांधून जपलेले ते जुने दाणे तळाशी टाकले. दादा म्हणाला, "अगं, ते भात, हा तांदूळ, मिसळेल ना." ती म्हणाली, "निवडीन मी. मला दुसरं काय काम हाय?" मग गोणी ओतल्या.

दिवेलागणीला मी आईच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. भिंतीला चुन्याचा वास येत होता. बाहेर चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला आणि वहिनी दारात आली. तिच्या हातात सूप होतं.

"आई, तांदूळ द्या."

आई पलंगावर बसली होती. तिने सुपाकडे पाहिलं. वहिनी घाई न करता तशीच चौकटीशी उभी राहिली.

आई उठली. कोठीचं झाकण काढलं, मापटं भरलं आणि सुपात ओतलं. वहिनीने सूप थोडं पुढे धरून ठेवलं होतं, चिमूट परत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून. ती रीत तिच्या माहेरीही होती.

आईने चिमूट घेतली नाही. हात परत कोठीत घातला आणि आणखी एक मूठ सुपात टाकली.

"आई, एवढा कशाला? आपण चौघंच."

"असू दे," आई म्हणाली. "नवा हाय. आणि तुझी ताई आलीय."